ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पदवीनंतरचे शिक्षण: अमरावती-अकोल्याच्या रुग्णाला त्याचे काय?

घरात कोणाला लकवा मारला, बाळ वस्तू धरायला उशीर करते आहे असे लक्षात आले, किंवा कडबाकुट्टीत बोटे सापडली, तर आज ना उद्या डॉक्टर तुम्हाला 'ओटी'कडे जायला सांगतात. आपल्याकडे ओटी म्हटले की ऑपरेशन थिएटर आठवते आणि नातेवाईक घाबरतात. इथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः सांधे, स्नायू, ताकद आणि चालणे यांवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याच हाताला पुन्हा रोजच्या कामाला लावतात. बटण लावणे, भाकरी थापणे, पेन धरणे, कापसाच्या बोंडातून चिमटीने सरकी ओढणे ही त्यांची उद्दिष्टे असतात. दोघांच्या कामाच्या सीमा थोड्या एकमेकांत मिसळतात, त्यामुळे गोंधळ झाला तर त्यात तुमचा दोष नाही.

ही पदवी, म्हणजे बीओटीएच, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. त्यानंतर पुढची तीस-पस्तीस वर्षे हा माणूस रुग्ण तपासत राहतो. मधल्या काळात तो नवे काय शिकला, हे कोण बघते? हा प्रश्न आज विचारण्याला कारण आहे.

सध्या नेमके काय बदलते आहे?

महाराष्ट्रात या व्यवसायासाठी राज्याचा स्वतंत्र कायदा 2002 चा. त्यानुसार ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची एकत्र राज्य परिषद आहे. तिथे नोंदणी करावी लागते, तिचे मुदतीने नूतनीकरण करावे लागते, आणि निरंतर शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट परिषद मोजते. बऱ्याच राज्यांत अशी परिषदच नव्हती, म्हणजे या बाबतीत आपण पुढे होतो.

2021 मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ऑक्युपेशनल थेरपी त्याच्या अनुसूचीत आहे. देशभराची एकच नोंदवही, पदवीनंतर परवान्यासाठी परीक्षा आणि निरंतर शिक्षणाची किमान मानके ठरवणे ही कामे या आयोगाकडे आली. राज्यांनी अंमलबजावणी रेंगाळत ठेवली, तेव्हा ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना 12 ऑक्टोबर 2024 पर्यंतची मुदत घालून दिली. म्हणजे नियम नव्याने घडण्याचा हा काळ आहे. आत्ता जी चौकट बसेल, तीच पुढची वीस वर्षे चालेल. म्हणून मुंबई-दिल्लीतल्या या घडामोडींकडे वऱ्हाडातून बघायला हवे.

पॉइंट मोजले म्हणजे शिक्षण झाले का?

आम्हा डॉक्टरांनाही हा नियम आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. परिषदेला जायचे, सही करायची, जेवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे. सगळे असेच वागतात असे नाही, पण पॉइंट मिळवायला तेवढे पुरते, हे कोणताही डॉक्टर खासगीत कबूल करेल.

याचा अभ्यास झालेला आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बैठका, कार्यशाळा आणि व्याख्यानांवरच्या 81 चाचण्या एकत्र करून कॉक्रेन संस्थेने 2009 मध्ये आढावा घेतला. अशा शिक्षणाने प्रत्यक्ष वागणुकीत साधारण 6 टक्क्यांची सुधारणा दिसली. शून्य नाही, पण फार मोठीही नाही. व्याख्यानाबरोबर करून बघण्याचा भाग असला तर परिणाम जास्त होता, आणि गुंतागुंतीचे काम बदलायचे असेल तिथे नुसत्या बैठकीचा उपयोग जवळपास दिसला नाही. आता विचार करा, लकव्याच्या हाताची थेरपी हे साधे काम आहे का?

ब्रिटनमध्ये या व्यवसायांची नियामक संस्था तास किंवा पॉइंट मोजतच नाही. दर दोन वर्षांच्या नूतनीकरणाच्या वेळी अडीच टक्के थेरपिस्ट चिठ्ठी काढल्यासारखे निवडले जातात, आणि त्यांना लिहून द्यावे लागते की काय शिकलो, त्यातून कामात काय बदलले, रुग्णाला त्याचा काय फायदा झाला. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. आपल्या आयोगाने ती जशीच्या तशी उचलावी असे नाही, पण 'रुग्णाला काय फायदा' हा एक रकाना तरी अर्जात असावा.

जुने ज्ञान महाग पडते ते असे

तुमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे असे धरा. वीस वर्षांपूर्वी शिकलेला थेरपिस्ट मुलाला गादीवर घेऊन, हातांनी त्याचे अंग हलवून 'बरोबर' हालचाल शिकवत असे. त्या काळी तेच उत्तम मानले जायचे. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक, ज्या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सेरेब्रल पाल्सीच्या 64 उपचारांचा आढावा घेऊन त्यांना सिग्नलचे रंग दिले. मूल स्वतः हालचाल करते, खऱ्या वस्तूंनी, ठरवलेल्या उद्दिष्टासाठी सराव करते, ते उपचार हिरव्यात आले. थेरपिस्टच्या हातांनी हालचाल घडवण्याची जुनी पद्धत लालमध्ये गेली. यावर वाद झाले, अजून होतात, कारण अनेक थेरपिस्टनी ती पद्धत काळानुसार बदलून घेतली आहे. पण दिशा स्पष्ट आहे: मूल निष्क्रिय पडून असेल तर उपयोग कमी.

लकव्याचेही तसेच. 2006 मध्ये अमेरिकेत 222 रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांचा चांगला हात दोन आठवडे जागेपणाच्या बहुतेक वेळात मिटनमध्ये बंद ठेवला आणि कमजोर हाताकडून कसून काम करून घेतले. एक वर्षानंतरही त्यांचा हात इतरांपेक्षा जास्त कामात येत होता. हे सगळ्यांना चालत नाही. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता आली पाहिजेत. कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे ओळखणे हेच तर शिकायचे असते, आणि ते एका तासाच्या ऑनलाइन व्याख्यानात जमत नाही.

दरवेळी 'घरीच व्यायाम करा' हेही उत्तर नव्हे. इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 2009 मध्ये नोवाक यांच्याच गटाने सेरेब्रल पाल्सीच्या 36 मुलांवर चाचणी केली. थेरपिस्टने पालकांसोबत बसून उद्दिष्ट ठरवले, घरचा कार्यक्रम आखला आणि पालकांना पाठबळ दिले. महिन्याला साधारण 17 वेळा, दर वेळी सरासरी 16-17 मिनिटे, एवढ्यावर आठ आठवड्यांत मुलांचे हात सुधारले. धारणी किंवा चिखलदऱ्याहून अमरावतीला येणाऱ्या आईसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण 2017 मध्ये भारतातल्या 14 रुग्णालयांत लकव्याच्या 1250 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नातेवाइकांना थोडे प्रशिक्षण देऊन घरी पुनर्वसन करायला लावले होते. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वात काहीच फरक दिसला नाही.

दोन्हींत आजार वेगळे, रुग्ण वेगळे, मोजमाप वेगळे. त्यामुळे थेट तुलना करू नये. तरी माझे मत असे की नातेवाईक थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाहीत, ते थेरपिस्टचे हात लांबवू शकतात. त्यासाठी समोरचा थेरपिस्ट उद्दिष्ट ठरवण्यात, शिकवण्यात आणि वेळेवर कार्यक्रम बदलण्यात तयार हवा.

वऱ्हाडातल्या थेरपिस्टची अडचण

आता दुसरी बाजू बघू, कारण सगळा दोष थेरपिस्टच्या माथी मारणे बरोबर नाही. विदर्भातले या विषयाचे जुने सरकारी शिक्षणकेंद्र नागपूरच्या मेडिकलमध्ये आहे. अमरावतीहून ते सुमारे 150 किलोमीटर, अकोल्याहून सुमारे 250. मुंबईतल्या केईएम, सायन, नायर आणि हाजी अलीच्या संस्थेत तर वरिष्ठ सहकारी एका भिंतीपलीकडे असतात. अडलेली केस दुपारच्या चहावर विचारता येते. अमरावतीत किंवा अकोल्यात स्वतःचे छोटे सेंटर चालवणारी थेरपिस्ट बहुधा एकटी असते. दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी तिला सेंटर बंद ठेवावे लागते, त्या दिवसांची कमाई बुडते, प्रवास आणि फी वेगळी, आणि शुक्रवारी येणारी मुले परत जातात. परदेशी ऑनलाइन कोर्सची फी डॉलरमध्ये असते. मग पॉइंट मिळवून देणारा सर्वांत स्वस्त वेबिनार निवडला जातो. त्यात आश्चर्य काय?

शिवाय आपल्याकडच्या गरजा वेगळ्या आहेत. मळणीयंत्र आणि कडबाकुट्टीच्या जखमांनंतर हाताचा स्प्लिंट बनवणे, मेळघाटातल्या आईशी कोरकूत चार वाक्ये बोलता येणे, ती ज्या चुलीपुढे बसते तिथे मुलाला कसे बसवावे हे सुचणे. कोरकू शिकण्याला कोणी क्रेडिट पॉइंट देत नाही, पण त्याने जेवढा फरक पडेल तेवढा अनेक परिषदांनी पडणार नाही.

आणि कुष्ठरोग. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 पासून कुष्ठरुग्णांचे काम उभे केले. उपचाराबरोबर उद्योग आणि स्वावलंबन ही त्याची रीत होती. ऑक्युपेशनल थेरपीचे तत्त्व याहून वेगळे काय आहे? 2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि विषय मागे पडला. नवे रुग्ण मात्र थांबलेले नाहीत. बधिर हाताची काळजी, वाकलेल्या बोटांसाठी स्प्लिंट, शस्त्रक्रियेनंतर स्नायूला नवे काम शिकवणे ही कौशल्ये तरुण थेरपिस्टना फारशी बघायलाच मिळत नाहीत. ती टिकवण्याचा कोर्स वऱ्हाडात नाही झाला तर कुठे होणार?

काय करता येईल?

अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. अमरावतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. दोन्ही शहरांत शंभरेक किलोमीटरचे अंतर. महिन्यातून एकदा, आळीपाळीने, दोन्ही जिल्ह्यांतल्या थेरपिस्टनी खऱ्या रुग्णासह बसायचे, नागपूरचे एखादे अनुभवी शिक्षक व्हिडिओवर, आणि तीन महिन्यांनी त्याच रुग्णाचे काय झाले ते पुन्हा बघायचे. याला नवी इमारत लागत नाही. लागते ती एक खोली, आणि अशा बैठकीला पॉइंट देण्याची नियामकाची तयारी. नियम घडत असतानाच ही मागणी व्हायला हवी. व्यावसायिक संघटनेने ती लावून धरावी.

या व्यवसायाची भारतातली सुरुवातच उशिरा शिकण्यातून झाली. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी लग्न करून भारतात स्थायिक झाल्यावर, संसार झाल्यावर, अमेरिकेत परत जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि वयाच्या पन्नाशीत, 1950 मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये पहिली शाळा काढली. 1952 मध्ये त्यांनी अखिल भारतीय संघटना स्थापली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारत होता.

तुम्ही थेरपिस्टला काय विचाराल?

आधी नोंदणी. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते. भारतीय पुनर्वसन परिषदेचा क्रमांक दाखवला जात असेल तर ती व्यक्ती विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असू शकते. तेही महत्त्वाचे लोक आहेत, पण त्यांचे काम वेगळे. शनिवार-रविवारच्या कोर्सचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणून कोणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत नाही.

मग उद्दिष्ट विचारा. 'हात सुधारेल' हे उद्दिष्ट नाही. 'दोन महिन्यांत उजव्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेईल' हे उद्दिष्ट आहे. ते लिहून मागा. सेशनच्या वेळी तुम्हाला खोलीत बसू देतात का, घरी काय करायचे ते करून दाखवतात का, आणि ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर पुढे काय, हेही विचारा. ऑटिझमच्या मुलांना 'सेन्सरी' थेरपी सुचवली जाते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2012 मध्येच सांगितले की याचा पुरावा मर्यादित आहे. करून बघायची तर रोजच्या वागण्यातले एखादे ठरावीक उद्दिष्ट आणि मुदत ठरवूनच करा.

शेवटचा प्रश्न थोडा अवघड वाटेल, पण नम्रपणे विचारता येतो: 'मॅडम, यात अलीकडे काही नवे आले आहे का?' चांगली थेरपिस्ट या प्रश्नाने रागावत नाही. बहुतेक वेळा ती खुर्ची पुढे ओढून बोलू लागते.