फुलंब्री ते हेग: भारत सदस्य नसलेल्या न्यायालयात भारतीय वकिलाला नोकरी मिळते का?

फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगर गाठायला तासभरही लागत नाही. कायदा शिकायचं ठरवलेल्या इथल्या मुलामुलींसाठी पुढची वाटही ओळखीची आहे. शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठही आहे. पदवी घ्यायची, सनद काढायची, एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करायची आणि कोर्टात उभं राहायचं, हा नेहमीचा क्रम.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइलवर आणखी एका कोर्टाचं नाव सारखं दिसू लागलं आहे. मार्च २०२३ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट निघालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्याविरुद्ध निघालं. मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मनिलात अटक करून थेट नेदरलँड्समधल्या हेग शहरात नेण्यात आलं. हे सगळं करणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय म्हणजेच आयसीसी. क्रिकेटवाली नव्हे, ही वेगळी.

अशा ठिकाणी मराठवाड्यातल्या एखाद्या वकिलाला काम करता येईल का? त्यासाठी आधी एक गोंधळ दूर करावा लागेल.

कुलभूषण जाधव यांचा खटला इथेच चालला होता का?

नाही. हेगमध्ये दोन मोठी न्यायालयं आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते.

पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा सुनावल्यावर भारत ज्या न्यायालयात गेला, ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. नागपूरमध्ये वाढलेले ज्येष्ठ वकील हरीश साळवे यांनी तिथे भारताची बाजू मांडली आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने जाधव यांना भारतीय अधिकाऱ्यांशी संपर्क करू द्यावा आणि शिक्षेचा फेरविचार करावा, असं न्यायालयाने सांगितलं. या न्यायालयात पक्षकार देश असतात. ते संयुक्त राष्ट्रांचं अंग आहे.

आयसीसीमध्ये देश नव्हे, माणूस आरोपी असतो. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण अशा चारच गुन्ह्यांचे खटले तिथे चालतात. योगायोग असा, की ते स्थापन करणारा रोम करारही १७ जुलैलाच, १९९८ साली मंजूर झाला. १ जुलै २००२ पासून तो लागू आहे.

भारत बाहेर का राहिला?

रोममध्ये १२० देशांनी कराराच्या बाजूने मत दिलं, ७ देशांनी विरोधात. तटस्थ राहिलेल्या २१ देशांमध्ये भारत होता. आजही भारताने करारावर सही केलेली नाही.

भारताचा मुख्य आक्षेप सुरक्षा परिषदेला मिळालेल्या अधिकारांवर होता. परिषद एखादं प्रकरण आयसीसीकडे पाठवू शकते आणि चालू तपास वर्षभर थांबवूही शकते. म्हणजे जे देश स्वतः या न्यायालयाला मानत नाहीत, ते परिषदेत बसून दुसऱ्यांना तिथे उभं करू शकतात. दहशतवाद आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाही, हाही आक्षेप होता.

देशातली न्यायव्यवस्था सक्षम असताना बाहेरचं कोर्ट कशाला, असाही एक युक्तिवाद असतो. २६/११ च्या हल्ल्यानंतर कसाबवरचा खटला मुंबईतच चालला, त्याला वकील मिळाला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. खुद्द आयसीसीचा नियमही हाच आहे, की एखाद्या देशाची खटला चालवण्याची इच्छा किंवा क्षमता नसेल तेव्हाच आपण हात घालायचा.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या प्रकरणात सज्जन कुमार यांना दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एक त्रुटी दाखवली. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशी कायद्यात गुन्हे म्हणून आलेलेच नाहीत. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते स्वतंत्रपणे नाहीत. त्यामुळे भारतीय वकील हे गुन्हे पुस्तकात वाचतो, कोर्टात ते त्याच्यासमोर येत नाहीत.

लीगल ऑफिसर नेमकं काय करतो?

गाऊन घालून जोरदार उलटतपासणी, असं चित्र डोळ्यासमोर येत असेल तर ते पुसलेलं बरं. न्यायाधीशांच्या दालनातल्या लीगल ऑफिसरचं काम बहुतांशी वाचन आणि लेखनाचं आहे. हजारो पानांचे पुरावे वाचायचे, साक्षींचा सारांश काढायचा, दोन्ही बाजूंचे अर्ज तपासायचे, जुने निकाल शोधायचे आणि आदेशांचे मसुदे तयार करायचे. असेच अधिकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयात आणि रजिस्ट्रीतही असतात. रजिस्ट्रीत पीडितांचे अर्ज, बचाव पक्षाच्या वकिलांची व्यवस्था, साक्षीदारांचं संरक्षण असे विषय येतात.

हे काम किती नाजूक आहे, ते काँगोचे माजी उपाध्यक्ष ज्याँ-पिएर बेम्बा यांच्या खटल्यातून कळतं. त्यांच्या सैनिकांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात केलेल्या खून, बलात्कार आणि लुटीबद्दल त्यांना २०१६ मध्ये दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा झाली. पाच हजारांहून जास्त पीडित या खटल्यात सहभागी होते. जून २०१८ मध्ये अपिलात ३ विरुद्ध २ मतांनी बेम्बा निर्दोष सुटले. निश्चित झालेल्या आरोपांच्या कक्षेबाहेरच्या घटनाही शिक्षेसाठी धरल्या गेल्या, हे त्यामागचं एक कारण होतं. आरोप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हा कागदावरचा प्रश्न पाच हजार लोकांच्या न्यायाचा प्रश्न झाला.

दोषारोपात काय आहे आणि काय नाही, हे बारकाईने पाहायची सवय तालुक्याच्या फौजदारी कोर्टातही लागते. त्यामुळे तिथली उमेदवारी वाया जात नाही.

भारतीय नागरिकाला अर्ज करता येतो का?

येतो. आयसीसीच्या भरतीत सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य असतं, पण इतर देशांच्या उमेदवारांचाही विचार होऊ शकतो. म्हणजे दार बंद नाही, रांग मात्र लांब आहे.

न्यायाधीशपदासाठी मात्र दार बंदच आहे. न्यायालयाचे १८ न्यायाधीश सदस्य देशांचेच नागरिक असावे लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियो खटल्यात राधाबिनोद पाल हे भारताचे न्यायाधीश होते आणि त्यांचं भिन्नमत आजही अभ्यासलं जातं. आयसीसीत सध्या तसं होऊ शकत नाही.

लीगल ऑफिसरसाठी साधारणपणे कायद्याची पदव्युत्तर पदवी आणि किमान पाच वर्षांचा संबंधित अनुभव मागतात. त्याखालच्या सहायक पदांना कमी अनुभव चालतो. न्यायालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. यातली एक भाषा उत्तम हवी, दुसरीही येत असेल तर उमेदवार पुढे सरकतो. कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी महागड्या परदेशी पदवीआधी फ्रेंचचा क्लास हा स्वस्तातला मस्त पर्याय आहे.

धोका काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी आयसीसीविरुद्ध आदेश काढला. आधी मुख्य अभियोक्ते करीम खान आणि नंतर काही न्यायाधीशांवर निर्बंध आले. न्यायालयाचे कर्मचारी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांचा अमेरिका प्रवेश रोखण्याची तरतूदही आदेशात आहे. ज्या मराठी घरातला एक मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी हेगमध्ये असेल, त्यांच्यासाठी ही लांबची बातमी राहत नाही.

मग वाट कुठून?

आयसीसी हा एकच रस्ता नाही. संयुक्त राष्ट्रांचा भारत संस्थापक सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या भरतीत सदस्यत्वाचा अडसर येत नाही. म्यानमारमधल्या अत्याचारांचे पुरावे गोळा करणारी संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा २०१८ मध्ये उभी राहिली. रोहिंग्यांच्या हकालपट्टीचा तपास आयसीसीनेही २०१९ पासून सुरू केला आहे. म्यानमार सदस्य नाही, पण ज्या बांगलादेशात रोहिंग्यांना पळून यावं लागलं तो आहे, म्हणून हा तपास शक्य झाला.

करारावर सही करायची की नाही, हे दिल्लीत ठरेल आणि लवकर ठरण्याची चिन्हं नाहीत. पण फुलंब्रीतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी थांबायची गरज नाही. आरोप नीट वाचायला, साक्ष नीट नोंदवायला आणि मसुदा चोख लिहायला इथल्याच कोर्टात शिकता येतं, आणि हेगमधलं निम्मं काम तेच आहे.