सौरघटांतील दोषांचे गणित

सौरशक्तीची चर्चा आपल्याकडे बहुधा मेगावॉट आणि अनुदान यांच्या भाषेत होते. सौरघट ज्या द्रव्याचा बनतो, त्याची चौकशी क्वचितच होते. निदान कोल्हापूरने तरी ती करावयास हवी. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने तनुपटलांच्या, म्हणजे काचेसारख्या पृष्ठावर चढविलेल्या अतिशय पातळ थरांच्या, संशोधनात नाव मिळविले आहे. प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी रासायनिक स्नानाची पद्धत जोपासली. द्रावणात काच बुडवावी आणि तिच्यावर थर बसू द्यावा, असे तिचे साधे स्वरूप आहे. महागड्या निर्वात यंत्रांवाचून होणारे हे विज्ञान आपल्या परिस्थितीस साजेसेच होते.

मग अडते कोठे? तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांचे संयुग पाहावे. ही चारही मूलद्रव्ये तुलनेने मुबलक आहेत. या कुळातील सेलेनियमयुक्त घटाने 2013 साली 12.6 टक्के कार्यक्षमता गाठली. परंतु पुढे कित्येक वर्षे तेथून पाऊल फारसे हलले नाही. एकपदरी घटाची तात्त्विक मर्यादा मात्र सुमारे 33 टक्के आहे. आवर्तसारणीत तांबे 29 वे आणि जस्त 30 वे. हे शेजारी स्फटिकात एकमेकांच्या जागा सहज बळकावतात. जस्ताच्या जागी कथील बसले, तर हानी अधिक होते. प्रकाशाने मुक्त झालेले इलेक्ट्रॉन तेथे अडकून वाया जातात.

काहिलीतला पाक केव्हा उतरवावा, हे गुळव्या नजरेने ओळखतो. परंतु कोट्यवधी अणूंतील एखादा चुकीच्या जागी बसला, हे कोणत्या नजरेला दिसणार? येथे संगणक उपयोगी पडतो. वॉल्टर कोन यांनी सहकाऱ्यांसह 1964-65 मध्ये मांडलेल्या आणि 1998 च्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या सिद्धांतावर हे गणित उभे आहे. काही शे अणूंचा स्फटिक संगणकात रचावयाचा, त्यात मुद्दाम दोष घालावयाचा आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा काढावयाची. ऊर्जा कमी, तर दोष विपुल. तांबे कमी व जस्त अधिक ठेवल्यास घट सुधारतो, या प्रयोगसिद्ध अनुभवाचा उलगडा अशाच गणिताने झाला.

हे गणित सर्वज्ञ नव्हे. त्याची सोपी रूपे पदार्थाचा ऊर्जापट्ट्यांमधील अंतराळ वास्तवाहून कमी दाखवितात, आणि मग दोषांविषयीचे निष्कर्षही चुकू शकतात. म्हणून प्रयोगशाळेची कसोटी अटळ आहे. पण याचा अर्थ असा की, ज्यांच्याकडे प्रयोगाची परंपरा आहे, त्यांनाच या गणितापासून सर्वांत अधिक लाभ होईल.

साधनांची सबब आता पुरेशी नाही. पुण्यात 1991 साली ‘परम’ महासंगणक सिद्ध झाला. 2019 साली तेथील आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. लागणाऱ्या कित्येक संगणकप्रणाली विनामूल्य आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात दोषांचे गणित यावे, जिल्ह्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना महासंगणकावर हक्काचा वेळ मिळावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. अमेरिकी कंपनीचा कॅडमियम टेल्युराइड तनुपटलांचा कारखाना 2024 साली तामिळनाडूत सुरू झाला. कारखाने येतील, परंतु दोष का पडतो हे जाणणारी माणसे आपण घडविली नाहीत, तर थर आपल्या भूमीवर बसेल आणि त्यामागील ज्ञान मात्र परकेच राहील.