परतीचे आठ दिवस

आपल्या वस्त्यांतील मुले शिकून अमेरिकेत नोकरीला लागली, आणि आता त्यांचे आईवडीलही सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. याला सगळे सुट्टी म्हणतात. आम्ही पाहतो ते असे, की सुट्टी वडिलांना असते. आई नातवंडाच्या पाळण्याशी. परतीचे शेवटचे आठ दिवस तर ती पोळ्या लाटून फ्रीजर भरण्यात घालवते. जन्मभर लोकांची भांडी घासलेल्या बाईने तिथे चार ठिकाणे पाहावीत हे मुलाला सुचत नाही, आणि ती तोंडाने मागत नाही. मुलांनो, निदान ते आठ दिवस तरी तिला हिंडवा!

परतीची तारीख मात्र जपा. व्हिसा 10 वर्षांचा असला तरी मुक्काम तेवढा नव्हे. तिथे उतरल्यावर अधिकारी जी मुदत देतो, बहुधा 6 महिन्यांची, तीच खरी. ती 'आय-94' या नोंदीत पाहावी. 'नातवाचा वाढदिवस करून निघू' म्हणत मुदतवाढीच्या अर्जाशिवाय एक दिवस जरी जास्त राहिले, तरी तो व्हिसा बाद होतो.

औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचाराव्यात, कारण न्यूयॉर्क आणि मुंबईच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवून घेते. म्हणून घरी आल्यावर आठवडाभर ती रात्री टक्क जागी आणि दिवसा पेंगते. शेजारणींनो, 'अमेरिकेहून आली नि आळशी झाली' म्हणू नका. चॉकलेटे मागायला जरा संध्याकाळी जा.