तार जोडा, मग दालन मांडा

सप्टेंबर आला की इंजिनिअरिंग कॉलेजांत अभियंता दिनाची धांदल सुरू होते. त्यातून बेळगावच्या तंत्रविद्यापीठालाच विश्वेश्वरय्यांचे नाव, म्हणजे उत्साह विचारूच नका. परिषदा भरतात, शाल-श्रीफळ होते, प्रमाणपत्रे वाटली जातात. परिषद भरवणाऱ्याचे कौतुक मात्र मांडव आणि जेवणापुरतेच!

पण परिषदा भरवल्या म्हणून इंटरनेटच्या इतिहासात जागा मिळालेला एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. नाव डॅन लिंच. २०२४ च्या मार्चअखेर ते गेले.

१९८३ च्या १ जानेवारीला अर्पानेट हे जुने जाळे टीसीपी-आयपी या नव्या नियमांवर आले. त्या कामात लिंच होते. नियम कागदावर एकच, पण प्रत्येक कंपनीने त्यांचा अर्थ आपापल्या परीने लावलेला. मग एकीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलेना. आपल्याकडे सासूबाई मराठीत विचारतात, सूनबाई कन्नडमध्ये उत्तर देतात आणि स्वयंपाक वेळेवर होतो. यंत्रांना एवढी समजूत कुठली?

लिंच यांनी तीन दिवसांची बैठक बोलावली. नियम घडवणारे पन्नासेक जण आणि कंपन्यांची सुमारे अडीचशे माणसे समोरासमोर आली. काय चालते याबरोबर काय चालत नाही, तेही घडवणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितले. कंपन्यांना याचेच नवल वाटले! आपल्या व्यासपीठांवर असे क्वचितच ऐकू येते.

खरी मेख पुढे होती. १९८८ च्या सप्टेंबरात ‘इंटरऑप’ हे प्रदर्शन भरले. पन्नासेक कंपन्या, बघायला पाच हजार अभियंते. नुसती रंगीत पत्रके मांडून भागणार नव्हते. यंत्र सर्वांच्या सामाईक जाळ्याला जोडून, प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राशी बोलताना दाखवायचे! चारचौघांत फजिती कोणाला हवी? कंपन्या राबल्या आणि यंत्रे बोलू लागली.

माणूस गमत्याही होता. इंटरनेटवरून टोस्टर चालवून दाखवलास तर मोक्याची जागा देतो, असे त्यांनी जॉन रॉमकी यांना सांगितले. १९९० मध्ये रॉमकींनी ते करून दाखवले. पाव मात्र हातानेच ठेवावा लागे. पुढच्या वर्षी त्यासाठीही चिमुकली क्रेन आली. २०१९ मध्ये लिंच यांचा ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला.

यंदा आपल्याकडच्या दोन कॉलेजांनी एकमेकांच्या मुलांचे प्रकल्प जोडून चालवायला लावावेत. बंद पडले तर पडू देत. टेबलावर एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवावा आणि उद्घाटनाचे भाषण अर्ध्या तासाने आखडावे, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळेल.