कितव्या पानावर सोडलीत?

‘हिंदू’चं नाव या सदरात नुसतं ओझरतं आलं तरी फोन येतात. या वेळीही आले. परंड्याचे एक गृहस्थ म्हणाले, ‘कोसला’नंतर मराठीत एवढं मोठं काही झालंच नाही, बाकी सगळा पालापाचोळा. भूमच्या एकांनी विचारलं, ‘‘सहाशे पानं लिहून ह्या माणसाला सांगायचंय काय? धड गोष्ट तरी सांगा की राव!’’ दोघंही पदरचे पैसे घालून पुस्तकं घेणारे, त्यामुळे दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं. मी दोघांना एकच विचारलं : कितव्या पानावर सोडलीत? भूमकर तीनशेच्या पुढं गेले होते. परंडेकरांनी दीडशेवर खूण घालून ठेवली होती, ‘सवडीनं वाचू’ म्हणून.

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ पॉप्युलर प्रकाशनानं २०१० च्या जुलैत काढली, तेव्हापासून तिच्याभोवती दोन तट आहेत आणि दोन्हीकडं न वाचलेल्यांचीच भरती जास्त. ‘कोसला’ पंचविशीतल्या पोरानं काही दिवसांत लिहून १९६३ मध्ये हातावेगळी केली होती; ‘हिंदू’ची तयारी तीसेक वर्षं चालल्याचं पुस्तक येण्याआधीच सगळ्यांना पाठ झालं होतं. शिवाय हा चार भागांतला पहिलाच, अशी दवंडी. नाव ऐकून काहींना वाटलं अभिमानाचं पुस्तक आलं, काहींनी त्याच नावाचा धसका घेतला. दोघांचीही निराशा झाली. आत निघाला खंडेराव नावाचा कुणब्याचा मुलगा. हा मोहेंजोदडोच्या उत्खननावर काम करणारा. बाप शेवटच्या घटका मोजतोय म्हणून मोरगावाकडं निघालेला. आणि वाटभर घर, भावकी, जाती, सण, शिव्या, मयती आठवत बसणारा. २०१४ चं ज्ञानपीठ नेमाड्यांना मिळालं तेव्हा वाद मिटेल असं काहींना वाटलं होतं. उलट ज्यांनी पुस्तक कपाटात टाकलं होतं त्यांनी ते पुन्हा काढलं आणि नव्यानं चिडले.

आपल्या जिल्ह्यातल्या एका वाचनालयात तिची एक प्रत आहे. ती उघडायची गरज नाही, मिटलेलीच आडवी धरून कड बघावी. सुरुवातीची बोटभर पानं बोटांच्या मळानं काळवंडलेली, पुढं हळूहळू करडी, मग शेवटपर्यंत पांढरीफटक. मध्येच एक पट्टा पुन्हा मळका दिसतो. तिथं काय आहे ते मी सांगत नाही. कोणी तरी कोणाला तरी पान सांगितलं असणार आणि ते पान वाचायला येणाऱ्यांनी आधीची दोनशे पानं ओलांडायचे कष्ट घेतलेले नाहीत. एका समासात बॉलपेननं ‘अगदी खरं’ लिहिलंय, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘फालतू’, आणि त्याखाली तिसऱ्यानं ‘ग्रंथालयाची पुस्तके खराब करू नयेत’. या पुस्तकावरच्या पुष्कळ चर्चासत्रांचा सारांश एवढाच आहे.

अर्धवट वाचणाऱ्याला मी कमी लेखत नाही. कंटाळा हीसुद्धा समीक्षाच असते, फक्त तिला पान क्रमांक हवा. व्हर्जिनिया वुल्फचं बघा. जॉइसचं ‘युलिसिस’ १९२२ मध्ये आलं. त्याआधी १९१८ मध्ये हस्तलिखित वुल्फ दांपत्याच्या घरगुती छापखान्याकडं येऊन परत गेलं होतं, कारण हातानं खिळे जुळवणाऱ्यांना तेवढं मोठं पुस्तक झेपणारं नव्हतं. छापून आल्यावर तिनं दोनशे पानं वाचली आणि डायरीत नोंदवलं : सुरुवातीची दोन-तीन प्रकरणं, स्मशानाच्या प्रसंगापर्यंत, मजा आली, पुढं कंटाळा, चीड. तिचा मित्र टी. एस. एलियट तेच पुस्तक ‘वॉर अँड पीस’च्या पंगतीला बसवत होता. वुल्फचा निकाल चुकला असं आज बहुतेक जण म्हणतील. पण आपण कुठं कंटाळलो हे तिनं लिहून ठेवलं, म्हणून तिच्याशी शंभर वर्षांनीही भांडता येतं. ‘मला नाही आवडलं बुवा’ असं म्हणणाऱ्याशी भांडणार कसं?

‘हल्ली लोकांना मोठं वाचवत नाही’ हे उत्तर तर मला मुळीच पटत नाही. गावोगाव सप्ते होतात. सात दिवसांत नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी पारायणात संपते आणि पारायणाला बसणाऱ्या बाया कांद्याची लागवड उरकून आलेल्या असतात. लांबीचं भय त्यांना नाही. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ सातशे वर्षांचा पट मांडते, तीही उशाला घेता येईल एवढी जाड. तरी ती पुरी केलेली माणसं मला कळंबला भेटली आहेत.

कोणाला कुठली पानं जड जातात, हे तो कुठून आलाय यावर ठरतं. उमरग्याचे एक निवृत्त गुरुजी, घरची शेती. ते म्हणतात, ‘‘हे कादंबरी न्हवं, गावचं दप्तर हाय.’’ खळं, वाटण्या, भाऊबंदकी, बैलांची दुखणी, लेकीबाळींचे हाल, या पानांवर ते तासन् तास रमतात. जातिव्यवस्थेवरचा वाद सुरू झाला की चष्मा काढून ठेवतात. शहरात वाढलेल्या, इथं महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका बाईंचं नेमकं उलटं. त्यांना वादांत धार दिसते आणि रीतीभातींच्या याद्यांवर डुलकी लागते. मी गुरुजींच्या बाजूचा. खंडेराव आठवतो तेव्हा कादंबरी उभी राहते. तो मतं मांडायला लागला की ‘टीकास्वयंवर’ लिहिणारे समीक्षक नेमाडेच त्याच्या तोंडून बोलताना ऐकू येतात आणि त्या वेळी मला कुणबी पोरगा दिसेनासा होतो. ही पानं कोणी धीट संपादकानं कापायला हवी होती असं मला वाटतं. ज्ञानपीठानंतर हे बोलणं जरा अवघड झालंय एवढंच.

आणखी एका बाबतीत आमच्याकडच्या वाचकाला ही कादंबरी सोपी जाते. तेर इथून जवळ. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बंदराला माल पाठवणारं तगर येतं, ते हेच. गोरोबा काकांच्या समाधीला आलेली माणसं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातही डोकावून जातात. पण तेरकरांना पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन शिकावं लागत नाही. माळवदावर टाकायला जुन्या पांढरीची माती आणली की तिच्यात खापऱ्या, मणी निघतात; पावसाळ्याआधी घरावर दोन हजार वर्षं पसरायची आणि वर निवांत झोपायचं. मोहेंजोदडोच्या खड्ड्यातून निघालेल्या खंडेरावाला त्याच दमात आजीचं घर का आठवतं, हे तिथल्या एका पोराला मला समजावून सांगावं लागलं नाही.

आता राहिला तो वाचक, ज्यानं एकच पान वाचलं. २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात जामनेरला नेमाड्यांवर गुन्हा दाखल झाला. ‘हिंदू’तल्या मजकुरानं गोर बंजारा बायकांची बदनामी होते अशी तक्रार होती. पुस्तक येऊन दहा वर्षं उलटली होती. तांड्यापर्यंत सहाशे पानं पोहोचली नव्हती, पोहोचला तो मोबाइलवरचा एका पानाचा फोटो. साहित्यिक मंडळींनी लगेच सांगितलं की कादंबरी सलग वाचा, निवेदक म्हणजे लेखक नव्हे. हे बरोबरच आहे. आणि कादंबरीवर पोलिसांनी मत द्यावं हे मला कधीही मान्य होणार नाही.

पण नळदुर्गाकडच्या तांड्यातला एक तरुण शिक्षक मला भेटला. त्यानं त्या फोटोनंतर हट्टानं अख्खी कादंबरी वाचली, म्हणजे परंड्याच्या भक्तापेक्षा साडेचारशे पानं जास्त. म्हणाला, ‘‘सर, बाकी पुस्तक आवडलं, खोटं कशाला बोलू. निवेदक लेखक नसतो हेबी कळतं. पण हा निवेदक आमच्या बायकांबद्दल बोलतोय. त्या स्वतः कितीदा बोलल्या, मोजा.’’ एवढ्या समृद्ध पसाऱ्यात कोणाला तोंड दिलं आणि कोणाला नुसतं वर्णन, हा प्रश्न ‘हिंदू’वरच्या निबंधांत मला क्वचितच दिसला आहे, आणि ठाणे अंमलदाराला तर तो लिहून घेताही यायचा नाही. नेमाड्यांवरचं पुढचं चर्चासत्र जो कोणी भरवेल त्यानं या शिक्षकाला बोलवावं. समारोपाच्या आधीच्या पाच मिनिटांत नव्हे, सकाळच्या पहिल्या सत्रात, लोक जागे असताना.