द्राक्षाची वाइन, मोहाची हातभट्टी

जानेवारी ते मार्च या दिवसांत तुमच्या फोनवर एक रील हमखास येतं. नाशिकजवळचा मळा, पहाटेचं धुकं, कात्रीने घड तोडणाऱ्या बाया. मग मोठ्या टबात द्राक्षं तुडवणारी मुंबई-पुण्याची हसरी मंडळी आणि शेवटी मावळत्या सूर्यासमोर धरलेला ग्लास. हंगाम, माती, परंपरा, ऑरगॅनिक असे सगळे गोड शब्द खाली ओळीने मांडलेले.

हा हंगाम उलगतो न उलगतो तोच सातपुड्यात दुसरा सुरू होतो. मार्च-एप्रिलात मोह फुलतो. रात्रीतून आणि पहाटे फुलं टपटप गळतात. उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, मांसल पिवळट फुलं एकेक करून वेचतात, अंगणात वाळत घालतात. चार-पाच दिवसांत ती मनुक्यासारखी तपकिरी होतात. त्यांतली काही बाजारात जातात, काही भाकरीबरोबर पोटात जातात आणि काही पाण्यात भिजत पडतात. या हंगामाचं रील कोणी काढत नाही. काढलंच तर ते पुरावा म्हणून वापरलं जाईल.

दोन्हीकडे घडतं ते एकच. गोडव्यावर यीस्ट वाढतं, साखर खातं, मद्यार्क तयार होतो. यीस्टला जात कळत नाही. कायद्याला मात्र कळते.

मी बोदवडचा. आमच्याकडे ना द्राक्षमळे, ना मोहाचं जंगल. काळी जमीन, कापूस, मका, तूर आणि वर्षभर पाण्याची वाट. या भांडणात माझा ना बांध, ना वाटा. पण 'शेतकऱ्याच्या हितासाठी' हे शब्द मुंबईत उच्चारले गेले की कापूसवाल्याचे कान आपोआप टवकारतात. कारण या शब्दांमागे शेतकरी नेमका कोणता, हे कधीच सांगितलं जात नाही.

२७ जानेवारी २०२२ आठवा. एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. कारण दिलं शेतकऱ्यांचं. वाइन म्हणजे दारू नव्हे, असंही सांगून झालं. विरोधकांनी 'मद्यराष्ट्र' हा शब्द काढला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अमलात आलाच नाही. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणत्याही बाजूने विचारला नाही: द्राक्ष पिकवणारा शेतकरी, मग मोह वेचणारी कोण?

आता हिशेब बघा. महाराष्ट्राने २००१ मध्ये वाइन धोरण आणलं. उत्पादन शुल्क माफ केलं आणि ती माफी वर्षानुवर्षं वाढवली. वाइनवरच्या २० टक्के व्हॅटमधले १६ टक्के उत्पादकाला परत द्यायची योजना केली. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं. एका पेयासाठी सरकारने एवढं केलं, याबद्दल माझी तक्रार नाही. सरकारने पिकामागे उभं राहावंच.

पण या मदतीतला शेतकऱ्याचा वाटा किती? राज्यातल्या बहुतेक द्राक्षांचं काय होतं, तर ती खाल्ली जातात, नाहीतर त्यांचे बेदाणे होतात. वाइनकडे जाणारा हिस्सा अगदी छोटा. आणि २००८-०९ च्या मंदीत बाटल्या पडून राहिल्या, वाइनरींनी माल उचलला नाही, तेव्हा याच शेतकऱ्यांपैकी कित्येकांनी वाइनच्या जातींचे वेल उपटून टाकले. बाटली खपते तेव्हा ती उद्योजकाची कर्तबगारी. खपत नाही तेव्हा तोटा शेतकऱ्याचा. आणि सवलत मागायची वेळ आली की पुन्हा शेतकऱ्याचंच नाव पुढे.

या बागांमध्ये राबायला कोण येतं, तेही पाहा. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीला, तोडणीला पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी मजूर वर्षानुवर्षं येतात. म्हणजे जो हात द्राक्ष तोडतो तो हंगामाचा, संस्कृतीचा, पर्यटनाचा भाग असतो. तोच हात घरी जाऊन मोह भिजवतो, तेव्हा तो आरोपीचा हात असतो.

हे आपोआप घडलेलं नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचं दारू गाळणं मोडून काढलं आणि धंदा मोठ्या डिस्टिलऱ्यांच्या, ठेकेदारांच्या हाती दिला. इंग्रजांना आदिवासींच्या तब्येतीची काळजी नव्हती. त्यांना महसूल हवा होता, आणि घरात गाळलेल्या दारूवर महसूल मिळत नाही. मग १८९२ चा 'मोहरा अ‍ॅक्ट' आला. ठाणे-कुलाब्याकडे नुसती मोहाची फुलं साठवण्यावरही बंधनं आली. दारू सोडा, फुलावर बंदी! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, त्यातही मोहफुलं कायद्याच्या कक्षेत राहिली. फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं राज्याने सैल केली ती थेट २०२१ मध्ये. इंग्रज गेले, पण त्यांचा संशय आपण जपून ठेवला.

आणि आता सगळ्यात मजेशीर भाग. २०२२ मध्येच सरकारने काजूबोंडं आणि मोहफुलांपासून बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचं ठरवलं. सातपुड्यातलं झाड, सातपुड्यातलं फूल आणि बाटली विदेशी! हेतू असा की 'देशी'चा शिक्का निघावा, चांगली किंमत यावी. ठीक. पण परवाना कोणाला परवडेल? ज्याच्याकडे कारखाना, वकील आणि हिशेबनीस आहे त्याला. मोहाला पासपोर्ट मिळाला, मोह वेचणारीला नाही. ती फुलं किलोवर विकणार आणि दुसरा कोणी तीच फुलं काचेच्या बाटलीत घालून आदिवासी चित्रांच्या लेबलसकट तुम्हाला विकणार.

'ऑरगॅनिक' या शब्दाचंही थोडं बघू. इंग्लंडमध्ये सेंद्रिय द्राक्षमळे आहेत. तिथल्या ओलसर हवेत बुरशीशी झगडत सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ काढणं हे खरंच कष्टाचं काम आहे. तरीही युरोपच्या सेंद्रिय नियमांत तांबं आणि गंधक चालतं. तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. आपल्याकडे द्राक्षबागायतदाराला विचारा: वर्षातून दोन छाटण्या, केवडा, भुरी आणि फवारणीचं वेळापत्रक. त्यात त्याचा दोष नाही, वेलच नाजूक. पण ज्याला कोणी खत घातलं नाही, पाणी दिलं नाही, फवारलं नाही, त्या मोहाला मात्र ऑरगॅनिक म्हणायचं कोणाला सुचत नाही. कारण तो शब्द शेतीच्या पद्धतीपेक्षा गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून चिकटवला जातो.

आता आक्षेप. ते खरे आहेत, म्हणून टाळणार नाही.

पहिला: वाइन नुसती आंबवलेली असते, मोहाची गाळलेली, म्हणून जास्त कडक. बरोबर. पण ब्रँडीही द्राक्षाचीच आणि गाळलेलीच. काजूची फेणीही गाळलेलीच. गोव्याने तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं, २०१६ मध्ये वारसा पेय ठरवलं. कडकपणा हा कर किती लावावा याचा मुद्दा आहे, अटक कोणाला करावी याचा नाही.

दुसरा: गावठीने माणसं मरतात. मरतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली. पण त्यांना मोहाने मारलं नाही, मिथेनॉलने मारलं. गावठीच्या नावाने विकलं जाणारं पुष्कळसं काळा गूळ आणि नवसागराचं असतं, त्यात मोहाचं फूलही नसतं. जे चोरून बनतं ते तपासलं जात नाही. वाइन सुरक्षित आहे ती द्राक्षाच्या पुण्याईने नव्हे. ती उघड्यावर, प्रयोगशाळेच्या नजरेखाली बनते म्हणून.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि तो बायकांचा आहे. दारूने घरं बसतात, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. गडचिरोलीची दारूबंदी त्यांनी लढून मिळवली, गावोगावी आडवी बाटली त्यांनीच केली. खानदेशातही मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिलांना दारू सोडायला लावलं आणि हजारो लोक त्यांच्या मागे गेले. मी मोहाच्या दारूचं गाणं गायला बसलेलो नाही. दारू सोडा म्हणणाऱ्या बाईशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते तिचं दुःख उचलून फक्त गरिबाच्या मडक्यावर काठी चालवणाऱ्यांशी. तिच्या नवऱ्याच्या हातातली बाटली बहुतेक वेळा परवान्याच्या दुकानातली, महसूल भरलेली असते. तिच्यावर धाड पडत नाही.

मग करायचं काय? नवीन काही शोधायची गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मद्यावर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिलेला आहे. आमच्या जिल्ह्यातली चोपडा, यावल, रावेरची काही गावं त्यात येतात. ठरवू द्या त्यांना, आणि त्या ठरावात बायकांचं मत निर्णायक असू द्या. ज्या गावाला बंदी हवी तिथे बंदी, आणि मग त्या गावात परवान्याचं दुकानही नको. ज्या गावाला नको, तिथे घरगुती वापराला मर्यादेत मुभा, जशी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडने आदिवासींना दिली आहे. विकायचं असेल तर परवाना बचतगटाला. नंदुरबारच्या शेजारच्या अलीराजपूरमध्ये आदिवासी गट मोहाचं मद्य कायदेशीर गाळून बाटलीत भरून विकतात. सीमेच्या पलीकडे जे उद्योग म्हणवलं जातं, ते अलीकडे गुन्हा कसं? आणि वाइनला जी करसवलत, तीच या गटांना.

हे जमत नसेल, तर निदान एक करा. पुढच्या वेळी वाइनसाठी सवलत मागताना 'शेतकरी' हा शब्द वापरू नका. 'उद्योग' म्हणा, 'पर्यटन' म्हणा, 'महसूल' म्हणा. ते सगळे प्रामाणिक शब्द आहेत.

आणि तुम्ही, फोन हातात धरून हे वाचणारे: द्राक्षमळ्यात जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, फोटो काढा. फक्त पुढच्या एप्रिलात 'हातभट्टीवर धाड, रसायन नष्ट' अशी चार ओळींची बातमी स्क्रोल करताना क्षणभर थांबा. त्या 'रसायना'ला नाशिकमध्ये काय म्हणतात, ते आठवा.