टोचणे, बोचणे, सलणे

इंग्रजीत ‘पिअर्स’ हे एक साधे क्रियापद आहे. टोकदार वस्तूने छिद्र पाडणे किंवा आरपार जाणे, असा त्याचा अर्थ कोशात सापडतो आणि पुढे समानार्थी शब्दांची रांग उभी असते : प्रिक, पंक्चर, परफोरेट, पेनिट्रेट, स्टॅब. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ही रांग पहिल्या वर्षापासून ओळखीची होते. बोटातून रक्ताचा थेंब काढला तर ‘प्रिक’, पाठीच्या कण्यातून द्रव काढला तर ‘पंक्चर’, विषमज्वरात आतड्याला भोक पडले तर ‘परफोरेशन’ आणि सुरीने भोसकलेला रुग्ण आला तर ‘स्टॅब’. कोशकाराने समानार्थी ठरविलेले हे शब्द वैद्यकात समानार्थी राहत नाहीत. एकाच्या जागी दुसरा लिहिला तर निदान बदलते, प्रसंगी न्यायालयातील साक्षही बदलते.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत आपण एवढे काटेकोर असतो. रुग्णाच्या तोंडून येणाऱ्या मराठी शब्दांच्या बाबतीत मात्र तसे नसतो, हे मला खटकते आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

आपल्या भाषेतील रांग इंग्रजीहून तोकडी नाही. ‘टोचणे’ ही क्षणाची क्रिया. ‘बोचणे’ म्हणजे टोक आत गेलेच पाहिजे असे नाही, पण दाब पडला की जाणवते. ‘रुतणे’ म्हणजे आत शिरून अडकणे. ‘खुपणे’ हे विशेषतः डोळ्याचे. ‘विंधणे’ हे हेतुपूर्वक भोक पाडणे. कान विंधतात तशी जमीनही विंधतात, म्हणून ‘विंधन विहीर’. ‘भोसकणे’ यात हिंसा आली. आणि ‘सलणे’ म्हणजे आत राहून गेलेल्या वस्तूचे दुखणे. ‘सल’ हे संस्कृत ‘शल्य’ शब्दाचेच रूप. शरीरात शिरून राहिलेला बाण अथवा काटा म्हणजे शल्य, आणि ते काढण्याची विद्या ती शल्यचिकित्सा. पोटातल्या ‘शूळा’च्या मुळाशीही टोकदार शस्त्रच आहे.

ही केवळ भाषेची हौस नव्हे. मुलाच्या डोळ्यात ‘खुपतंय’ असे आई म्हणाली तर पापणी उलटून कण शोधावा. ‘चुरचुरतंय’ म्हणाली तर डोळे आले आहेत का ते पाहावे. कान ‘ठणकतो’ म्हटले की मध्यकर्णात पू साठला असेल काय, हा विचार आधी येतो. ‘श्वास घेतला की टोचतं’ या चार शब्दांत फुप्फुसाच्या आवरणाचा दाह सांगितलेला असू शकतो. तळपायाला ‘सुया टोचतात’ असे मधुमेही आजोबा म्हणाले, तर मज्जातंतू बोलत असतात. केसपेपरवर मात्र या सर्वांचे एकच भाषांतर होते : ‘पेन’. तपासणी सुरू होण्यापूर्वीच निम्मी माहिती आपण पुसून टाकलेली असते.

पाश्चात्त्य वैद्यकाने या गोष्टीचे मोल जाणले आहे. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी 1975 साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. आहेत ते 78 शब्द, 20 गटांत मांडलेले. त्यांतील एक गट टोचण्याच्या जातीच्या वेदनांचाच आहे. आपल्या आज्यांकडे अशी यादी छापील नव्हती. ती त्यांच्या जिभेवर होती.

आमच्या इंदुरात मराठी भाषा हिंदीच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या नांदते आहे. त्यामुळे मुले ‘पायात चुभतंय’ म्हणतात, ‘डॉक्टरांनी सुई लावली’ म्हणतात. मला यात भ्रष्टता दिसत नाही, शेजारधर्म दिसतो. खंत एवढीच, की बाहेरचे एक क्रियापद घरातल्या चार क्रियापदांना बाहेर काढते. हिंदीजवळही ‘गडना’ आहे, ‘सालना’ आहे. पण आपली मुले तेवढी समृद्ध हिंदीही उचलत नाहीत. परिणामी दहा वर्षांचे मूल दोन्ही भाषांत फक्त ‘दुखतंय’ एवढेच सांगू शकते.

तरुण सहकारी म्हणतात, ‘सर, सोनोग्राफी करू, कळेलच.’ कळेल, हे खरे. पण कोणत्या अवयवाची करावयाची, हे रुग्णाचे क्रियापद सांगते. शिवाय ज्याला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, त्याचे दुखणे नाकारले जाण्याचा धोका असतो. नवजात अर्भकांचे तसेच झाले. त्यांना वेदना होत नाहीत, या समजुतीपोटी 1980 च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर अपुऱ्या भुलीखाली शस्त्रक्रिया होत. ही समजूत हादरविणारा निबंध डॉ. कंवलजीत आनंद यांनी डॉ. हिकी यांच्यासह 1987 साली प्रसिद्ध केला. डॉ. आनंद हे आमच्या इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर, याचा येथील प्रत्येक डॉक्टरला अभिमान वाटावा.

रुग्णाचा शब्द जितका महत्त्वाचा, तितकाच आपलाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणाच्या वेदनेविषयी सूचना दिल्या. तान्ह्या बाळाला लस देताना स्तनपान चालू ठेवावे, मुलाला आडवे न दाबता उराशी धरावे, यांबरोबरच शब्द शांत व भीती न वाढविणारे असावेत, खोटा दिलासा देऊ नये, असेही त्यांत आहे. सुश्रुताने कर्णवेधाचा विधी सांगताना बाळाला मांडीवर घेऊन खेळण्यांनी रमवावे, असे सांगून ठेवलेच आहे.

आणि आपण? ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ज्या क्रियेने मूल घटसर्प, गोवर, धनुर्वातापासून वाचते, तीच शिक्षा म्हणून वापरली जाते. सोनारानेच कान टोचावेत, म्हणून मी हे स्पष्ट लिहितो : पालकांनी हे वाक्य सोडावे. आणि आम्ही डॉक्टरांनी ‘मुळीच दुखणार नाही’ हे वाक्य सोडावे. लस देताना ‘आता देतो हं’ एवढे पुरते. मुलाने विचारलेच, तर ‘थोडंसं दुखेल’ हे खरे उत्तर द्यावे. सुईचे दुखणे मिनिटभरात थांबते. फसविले गेल्याचे सलत राहते.

व्यवसायबंधूंना एक छोटीशी विनंती. केसपेपरवर इंग्रजी टिपणाच्या आधी एक ओळ देवनागरीत लिहावी : रुग्णाने वापरलेला शब्द, जसाच्या तसा. तो मराठी असो, हिंदी असो वा माळवी. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी नातवंडांना काटा काढताना विचारावे, ‘टोचतंय, की रुततंय, की सलतंय?’ पुढे कधी ते मूल आमच्यासमोर बसेल, तेव्हा हा शब्द त्याच्या कामी येईल, आणि आमच्याही.